काळ्या झाकणाचा डबा

२ जून, सोमवार
नोकरी लागली! हॉस्पिटलच्या औषधखोलीत. मावशी म्हणाली, जपून रे बाबा, नाहीतर म्हणतील माकडाच्या हाती कोलीत दिलं.
दोन डबे, एक पांढऱ्या झाकणाचा, एक काळ्या. पावडर कॅप्सूलमध्ये भरायची, कॅप्सूल बाटलीत, बाटलीवर नंबराचं लेबल. औषधवाले सर इतके गंभीर की हसले तर चष्मा फुटेल. त्यांनी समजावलं: जंतावरचं एक जुनं औषध कॅन्सरच्या उपचाराला जोड म्हणून चालतंय का ते बघायचंय. अर्ध्या पेशंटना ते, अर्ध्यांना नुसतं पीठ. कुणाला काय, हे ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना मला.
मावशी यातलीच पेशंट. सरांना मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

४ जून, बुधवार
सरांच्या खुर्चीवर रिकाम्या कॅप्सूल पसरल्या. बसले, कडाकड वाजलं, वीतभर उडाले! नर्सबाईंच्या चपला फ्रिजमध्ये. वॉर्डात जाऊन मावशीला सांगितलं, तर पोट धरून हसली आणि डावा डोळा मारला. ही आमची खूण: खोडी पचली. मला वाढवलं तिनंच, बिघडवलंही तिनंच.

१० जून, मंगळवार
बोट चाटून बघितलं. पांढरा डबा: पीठ. काळा: कडू जहर! एवढ्या शिकलेल्यांचं गुपित, माझ्या जिभेनं फोडलं.
मावशीचा नंबर तिच्या खाटेवर वाचला होता. तिची बाटली पांढऱ्या डब्यातली. माझ्या मावशीला पीठ? आणि शेजारच्या खाटेवरचे टोपीवाले काका, दिवसभर सगळ्यांवर खेकसणारे, त्यांना खरं औषध?
लेबलं अजून ओली होती. सोलली, दोघांची अदलाबदल केली.
मावशीच्या कानात सांगितलं, तुला खरी गोळी मिळवून दिली. तिनं डोळा मारला.

२३ जून, सोमवार
मावशी म्हणते, अंगात ताकद आली. पुढच्या बाटल्याही तशाच बदलल्या. आता हात बसलाय.

८ जुलै, मंगळवार
मावशीला जेवण जात नाही. डोळे पिवळे. वॉर्डात आणखी दोघं पिवळे पडलेत. दोघंही काळ्या डब्यातले. मीच भरलंय, मला ठाऊक.
टोपीवाले काका ठणठणीत. खेकसतायत.

१० जुलै, गुरुवार
कुणाला काय दिलं ते बंद पाकिटात असतं. मावशीचं पाकीट आज फोडलं. आत निघालं: पीठ.
डॉक्टर म्हणाले, म्हणजे गोळीचा दोष नाही. आजारच लिव्हरमध्ये पोचला. गोळी चालू राहू द्या. उद्या सलाईनमधून कॅन्सरच्या औषधाचा जोराचा डोस.
पीठ नाही हो— पीठ नाही— गोळीनंच लिव्हर बिघडलंय, त्यावर हा डोस झेपेल कसा?

११ जुलै, शुक्रवार
मावशीला म्हटलं, गोळी थांबव. म्हणाली, वेड्या, तू मिळवून दिलेली, सोडू कशी? तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, गप्प बस.
दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. परत आलो.

तोच दिवस
सलाईन टांगलं. नर्सबाईंना सगळं सांगून टाकलं. लेबलं, डबे, सगळं. हसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी चपला, आज हे? पेशंटच्या जिवावर तरी थट्टा करू नकोस.
खरं सांगतोय म्हटलं. म्हणाल्या, तू? खरं?
सुई टोचली—
थेंब पडायला लागला.
मावशी बघतेय माझ्याकडे. डावा डोळा मारतेय. पिवळा—
डॉक्टर आले. उठतो. ते तरी ऐकतील. नाही ऐकलं तर नळी उपटून—