यांचे ठोके

३ मार्च
आणलं एकदाचं यांना घरी! मांडीतल्या शिरेतून नळी घालून हृदयात नवी झडप बसवली, छातीला टाकासुद्धा नाही. तरी हे असे कण्हतायत, जणू लढाईवरून आलेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आजी, झडप उत्तम बसलीये. पण या वयात नंतर कधीकधी ठोके मंदावतात, मध्येच थांबतात. चक्कर आली तर लगेच कळवा."
डोळ्यांत तेल घालून बसायचं ते मीच.

५ मार्च
मुलीचा फोन. "बाबा झोपले का? बाबा जेवले का?" आईचं विचारायची वेळ आली की हिची रेंज जाते.

६ मार्च
भाजी चिरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याला धरून उभी राहिले. जागरणं, दुसरं काय! यांना सांगितलं. "झडप माझी बदलली आणि चक्कर तुला?" — आणि हसले. मला नाही हसू आलं.

९ मार्च
तपासणीला गेलो. यांचे ठोके रेंगाळतायत म्हणे. छातीला चिकट पट्ट्या, त्यांना वायरी, कमरेला डबी — दोन दिवस ठोके नोंदवणार. खोट निघाली तर कातडीखाली पेसमेकर, म्हणजे ठोका चुकला की हृदयाला ढोसणारं यंत्र. पट्ट्या सुटल्याच तर म्हणून जादाच्याही दिल्या.
 घरी आल्या आल्या यांनी सगळं उपटून टेबलावर! "मी काही चिरून घेणार नाही. तू लाव. तुझं हृदय ठणठणीत आहे, रिपोर्ट साफ येईल."
"आणि तुम्हाला काही झालं तर?"
"होऊ दे!" म्हणाले, पण डबीकडे बघेनात. घाबरलेत. भांड भांड भांडले, शेवटी मीच डबी लावली. जन्मभर यांच्या हट्टापुढे दुसरं काय केलंय?

१० मार्च
खरं लिहायचं तर रागानं लावली. रिपोर्ट साफ येऊ दे, मग हे सुटतील आणि मीही सुटेन — असं मनात आलं. स्वतःचीच किळस आली. पण काढली नाही.
दिवसभर यांच्याच छातीकडे नजर. वरखाली होतेय ना? आज मला पुन्हा अंधारी. वाळलेले कपडे मांडीवर घेऊन जिन्यातच बसले जरा. हे आतून ओरडतायत, "चहा झाला का?"

११ मार्च
डबी परत देऊन आले. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा नाही आले?" म्हटलं, दमलेत. खोटं बोलायलाही मीच!

१२ मार्च
सकाळीच डॉक्टरांचा फोन. "ठोके मध्येच थांबतायत, आजी. एकदा तर सहा सेकंद! पेसमेकर आजच बसवू. आजोबांना अजिबात चालवू नका, गाडी पाठवतोय."
पेसमेकर एवढंच ऐकून हे रडत रडत बॅग भरतायत. स्वतःचे कपडे. पट्ट्या कुणाच्या छातीला होत्या, ते यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.
मी खुर्चीत बसून बघतेय.