उपरण्याखालचा फोरहॅन्ड

मुक्काम श्रीरामपूर (सध्या)

ती. स्व. भिमाजीमामा यांच्या पायाशी भाचा गोरक्षचा लांबूनच नमस्कार. (लांबून एवढ्यासाठी, की मागच्या वेळी जवळून केला तेव्हा तुम्ही पाय मागं घेतले होते.) मी इथं खुशाल आहे. तुमचा गुडघा, मामींचं पित्त आणि पांढऱ्या खोंडाचं लंगडणं, तिन्ही कमी झालं असेल असं धरून पुढं लिहितो. नसेल तर आधी खोंडाचं बघा, मामी समजूतदार आहेत.

आषाढात मी जामखेड सोडलं तेव्हा तुम्ही ओट्यावरून म्हणाला होता, "दसऱ्यापर्यंत एका जागी टिकून दाखव, न्हाई तर गुमान माझ्या मागं बैलबाजाराला ये. बैल हाकायला अक्कल लागत न्हाई, टिकायला लागती." दसरा परवावर आला, म्हणून ही हकिगत. मी परत येणार नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

मी निघालो होतो राहुरीला. तिथं रोपवाटिकेत माणूस पाहिजे असं कळलं होतं. पण एसटीत डोळा लागला आणि जाग आली ती श्रीरामपूरच्या स्टँडवर. (कंडक्टर म्हणाला, पुढचं तिकीट काढ. मी म्हणालो, झोपेत झालेल्या प्रवासाचं कसलं तिकीट. हे प्रकरण बरंच वाढलं, ते भेटल्यावर सांगेन. भेटणार नाही म्हणा.) स्टँडवरून भटकत जुन्या क्लबापाशी गेलो, तर आत मुरमाचं चौकोनी मैदान, मधे जाळी आणि कडेला जमीन दाबायची दगडी लाट. मला वाटलं इथं मळणी करतात. मी विचारलं, धान्य कुठाय? त्यांनी विचारलं, लाट ओढता येते का? तुमच्या खळ्यावर मी दुसरं केलं तरी काय होतं? लागलो कामाला. रोज पाणी मारायचं, लाट फिरवायची, चुन्याच्या रेघा ओढायच्या. त्या मैदानाला टेनिसचं कोर्ट म्हणतात हे मला दोन दिवसांनी कळलं.

इथं नितीन सर म्हणून एक आहेत. कॉलेजात खेळ शिकवून रिटायर झाले, पांढऱ्या हाफपँटला इस्त्री असते. एकदा त्यांचा जोडीदार लग्नाला गेला म्हणून त्यांनी मला पलीकडं उभं केलं, हातात रॅकेट दिली आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तू माझी नक्कल करतोयस. तसं नको. तुझी स्वतःची स्टाईल शोध." मामा, आजवर मला सगळ्यांनी नोकरी शोध, भाड्याची खोली शोध, हरवलेली शेळी शोध असं सांगितलं. माझ्यातच असलेलं काहीतरी शोध असं कोणी म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी लाट दोनदा फिरवली.

त्यात आणखी एक झालं. दिवाळीच्या सुट्टीपासून क्लब पोरांचा टेनिसवर्ग काढणार, त्याला कायमचा शिकवणारा पाहिजे, राहायला कोर्टामागची खोली. कायमचा हा शब्द ऐकून मला तुम्ही दिसलात, ओट्यावर बसलेले. नावं दोन निघाली, एक माझं (सरांनी घातलं) आणि एक अमृत नावाच्या पोराचं, जो पुण्याला शिकून आला होता आणि ज्याच्या पिशवीत सहा रॅकेटी होत्या. क्लबच्या सेक्रेटरी ज्योती मॅडम पेशानं वकील. त्या म्हणाल्या, "दोघांचा एक सेट लावा. कमिटी बघेल आणि ठरवेल." म्हणजे दसऱ्याच्या आत मला स्टाईल सापडणं भाग होतं.

पहिली स्टाईल मी धरली ती जोराची. दिसला चेंडू की हाणायचा. ते सगळे चेंडू शेजारच्या साळूबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या बाजरीत जाऊन पडायचे. तिसऱ्या दिवशी त्या कठड्यावरून म्हणाल्या, "तुझा चेंडू हाय का घुबाड? रोज माझ्याच घरावर बसतंय." गच्ची झाडून दिली तेव्हा चेंडू मिळाले. दुसरी स्टाईल नेटकडं धावत जायची. धावलो, चेंडूही माझ्याकडंच धावत आला, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मग मोबाईलवर बघितलं की डावरे खेळाडू सगळ्यांना त्रास देतात. डाव्या हातानं खेळलो तर पहिला त्रास मलाच झाला. नंतर प्रत्येक फटक्याला ओरडायचं ठरवलं. सरांनी खेळ थांबवून पोटात दुखतंय का विचारलं आणि ओवा दिला. (ओवा चांगला होता. मामींना विचारा, आपल्याकडं एवढा तिखट का येत नाही.)

यात एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोडीच्या खेळात मी मागं, सर पुढं नेटपाशी. सरांनी मला पाठमोरं राहून कमरेमागं दोन बोटं दाखवली. आता माझं लहानपण कुठं गेलं? तुमच्या बगलेत, काष्टीच्या आणि लोणीच्या बाजारात, उपरण्याखाली बोटं दाबून सौदे होताना बघत. मी काय केलं, पुढं जाऊन खांद्यावरचा नॅपकिन सरांच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची दोन बोटं घट्ट धरून तिसरं मागितलं. सर टुणकन उडाले. "अरे, हे काय करतोयस?" मी म्हणालो, "सर, दोनात न्हाई जमत." त्यांना सर्व्हिस कुठं टाकायची ते सांगायचं होतं. मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की आमच्या मामांच्या धंद्यात किंमत तोंडानं बोलत नाहीत, कापडाखाली बोटांनी सांगतात, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. ज्योती मॅडम म्हणाल्या, "कोर्टात हे आणलं तर निम्म्या केसेस मिटतील." कोणत्या कोर्टात ते त्यांनी सांगितलं नाही.

काल तो सेट झाला. तोवर सापडलेली स्टाईल: एकही नाही. सरांनी त्यांचे जुने बूट दिले होते, ते एक नंबर मोठे. दुसऱ्याच गेमला उजव्याचा सोल जबडा उघडल्यासारखा सुटला. मी चुन्याच्या पोत्याची सुतळी काढून बांधला, पण पळता येईना. मॅडमनी विचारलं, "थांबवायचं का?" नको म्हणालो. थांबवलं असतं तर ती खोलीही गेली असती. आता पळता येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार, मी मधोमध उभा राहिलो. आणि मामा, उभं कसं राहायचं म्हणताना मला एकच उभं राहणं येतं, ते तुमचं.

ज्या बैलावर तुमचा डोळा असतो त्याच्याकडं तुम्ही कधी बघत नाही. आधी मालकाच्या चपलेकडं बघता, मग आभाळाकडं, मग लांबच्या पानवाल्याला उगाच हाक मारता. मालकच बोलत सुटतो, गरीब हाय, दातानं तरणा हाय, कामाला लई चांगला हाय, आणि बोलता बोलता आपणच किमतीत खाली येतो. मी तेच धरलं. आला चेंडू की उंच, हळू, मधोमध परत. ना जोर, ना घाई, ना चेहऱ्यावर काही. दोन चेंडूंच्या मधे मी अमृतच्या बुटांकडं बघायचो. तीनचारदा बघितल्यावर त्यानंही बघितलं. मग नाडी सोडून बांधली. पुढच्या पॉइंटला पुन्हा बांधली. मग रॅकेट बदलली. मग चिडून कोपऱ्यात हाणायला गेला, चेंडू बाहेर.

"दादा, नीट खेळा ना," तो म्हणाला.

"खेळतोय की," मी आभाळाकडं बघत म्हणालो.

साळूबाई वरून ओरडल्या, "आरं मार की येखांदा! का वरात काढलीय चेंडवाची?"

मी जिंकलो, मामा. सहा-चार. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण कमिटीतले एक जण झोपले होते आणि बाकीचे त्यांच्याकडं हेव्यानं बघत होते. नितीन सर आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सापडली रे तुला. अगदी तुझी स्वतःची. इतक्या वर्षांत असलं मी बघितलं नाही."

"आणि पुन्हा बघायचंही नाही," ज्योती मॅडम म्हणाल्या. "गोरक्ष, तू जिंकलास, मान्य. पण पोरं हे शिकली तर पालक वर्ग बंद पाडतील."

खोली आणि वर्ग अमृतला मिळाला. तो जाताना मला विचारत होता, बुटांना नक्की काय झालं होतं? मी म्हणालो, काही नाही, चांगले आहेत. लाट ओढायला तू राहा असं मॅडम म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. पण स्वतःची स्टाईल सापडलेल्या माणसानं त्याच कोर्टावर लाट ओढत बसायचं म्हणजे कसं? सर तुझी स्वतःची म्हणाले तेव्हा मी आभाळाकडं बघितलं. एवढं लांब येऊन सापडलं ते कुणाचं, हे मला माहीत होतं.

असो. मी हरलो नाही, म्हणून परत येण्याचा प्रश्न येत नाही. नाशिककडं पोहायचा तलाव आहे, तिथं शिकवणारा पाहिजे असं ऐकतो. पोहता मला येत नाही, पण शिकवणाऱ्याला काठावरच उभं राहायचं असतं आणि ते आता मला जमतं. मामींना नमस्कार, खोंडाच्या पाठीवर हात फिरवा.

तुमचा भाचा,
गोरक्ष

ता. क. दसऱ्यानंतरचा बैलबाजार यंदा भरतोय ना? सहज विचारलं.

ता. क. दुसरा: पोस्टात टाकायला निघालो होतो, पण वाटेत आधी स्टँड लागला आणि जामखेडची गाडी उभी होती. या वेळी झोपलो नाही. पत्र हातोहात मामींकडं देतोय, तेव्हा सुरुवातीचं 'लांबूनच' तेवढं खोडून वाचा.

ता. क. शेवटचा: मी समोर मच्छिंद्रच्या पानटपरीमागं उभा आहे. मागणं एकच, मला बाजाराला न्या, पण बैल हाकायला नको, सौद्याला तुमच्या शेजारी उभं करा. तुम्ही लगेच हो म्हणणार नाही. बाहेर येऊन माझ्या पायाकडं बघाल, मग आभाळाकडं, मग मच्छिंद्रला उगाच हाक माराल. बघा, चालेल. (उजव्या बुटाला अजून सुतळी आहे, तेवढं बघून हसू नका, सौदा मोडतो.) तोंडानं काही बोलू नका. उपरण्याखाली हात पुढं करा. बोटं मला कळतात.