टाकीचे झाकण

मातान्सास, क्यूबा. ३ मार्च, सकाळी सात.
मिर्ताने माद्रिदचे तिकीट काढले आहे. एकोणीस तारखेचे, एकेरी. एकेरी तिकीट स्वस्त पडते, म्हणून. शिवाय तिकीट काढणे म्हणजे जाणे नव्हे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात एवढे मला कळते.
निश्चय: हवानाच्या विमानतळापर्यंत मी स्वतः तिला गाडीने नेणार. वाटेत दरीवरच्या पुलापाशी थांबून कॉफी घ्यायची आणि तेथे तिला माद्रिदला न जाण्याविषयी सांगायचे. वाक्य तयार आहे. त्यात एकही शब्द फाजील नाही.
अडचण एकच. गाडी गावात ठीक चालते, पण सलग वीस-पंचवीस किलोमीटर धावली की बंद पडते. गाडी त्रेपन्न सालची, वडिलांची. तिचा दोष नाही. दोष शोधणाऱ्याच्या पद्धतीत असतो. मी पद्धतशीर शोधणार आहे.

५ मार्च.
प्लग काढून घासले. गाडी बाविसाव्या किलोमीटरला बंद. पेट्रोलचा काटा गेली नऊ वर्षे मेलेला असल्यामुळे झाकणाचे कुलूप काढून टाकीत काठी बुडवली. पेट्रोल भरपूर. झाकण लावले, किल्ली फिरवली, गाडी सुरू. प्लगचा परिणाम उशिरा दिसतो, असा निष्कर्ष.

८ मार्च.
पुन्हा बंद. इंजिनाजवळच्या पेट्रोल-पंपावर ओले फडके बांधले, पेट्रोलच्या नळीला मिर्ताचे कपडे वाळत घालायचे अकरा चिमटे लावले, म्हणजे नळी तापणार नाही. काठी बुडवून पाहिली. सुरू. चिमटे गुणकारी.
मिर्ता म्हणाली, “आता कपडे काय दाताने धरून वाळवू?” मी म्हणालो, एकोणीसपर्यंत कळ काढ. ती म्हणाली, “एकोणीसनंतर वाळवायला आहे कोण?” थट्टा करते.

११ मार्च.
शेजारचा लासारो न बोलावता आला. चाळीस वर्षे ट्रक दुरुस्त केले, पण पद्धतशीर बोलता येत नाही. म्हणाला, “मास्तर, झाकण. टाकीत हवाच जात नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसं? बाटलीचं तोंड दाबून नळीने रस ओढून बघा की.”
हे झाकण मी स्वतः केलेले आहे. आपल्या गल्लीत रबरी नळी घालून पेट्रोल ओढून नेतात, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून कुलूप बसवले, आतून ट्यूबचे रबर लावले आणि मूळ झाकणाचे बारीक भोक डाख देऊन बुजवले. सहा वर्षांत एक थेंब गेलेला नाही. त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “गेला नाही खरा. इंजिनातसुद्धा गेला नाही.” मिर्ता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

१५ मार्च.
कार्ब्युरेटर उघडून धुतला. एक स्क्रू उरला. बहुधा मुळातच जास्तीचा असावा.
मिर्ता सायंकाळी पायरीवर बसली होती. म्हणाली, “एवेलियो, जरा बस ना इथे.” हात ग्रीसने माखले होते. उद्या बसेन म्हणालो.

१८ मार्च.
पायरीवर बसायचे ते आजही राहिले. टाकी मात्र डोळ्यांदेखत काठोकाठ भरून घेतली, कुलूप लावले. आता उणीव नाही.

१९ मार्च. कोठून आरंभ करावा, कळत नाही.
पहाटे निघालो. इंजिन असे सुरेख चालले होते की पुलापाशी थांबण्याचे धैर्य झाले नाही. थांबवले आणि पुन्हा सुरू झाले नाही तर? मिर्ता म्हणाली, “कॉफी घेणार होतो ना?” मी म्हणालो, पुढे घेऊ.
पुढे सहा किलोमीटरवर बंद.
टाकी भरलेली असल्यामुळे काठी बुडवण्याचे कारण नव्हते. प्लग पाहिले, चिमटे पाहिले. पाऊण तास गेला. ती रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून म्हणाली, “एवेलियो, पाच मिनिटं माझ्याकडे बघ.” मी म्हणालो, बोलू नकोस, मी ठिणग्या मोजतो आहे.
मग एक ट्रक थांबला. मी जाऊ शकत नव्हतो. गाडी एकटी सोडली तर सायंकाळपर्यंत चाकेही उरत नाहीत. तिने माझ्या गालाचे काळे पुसले, रुमाल माझ्या खिशात ठेवला आणि वर चढली. वाक्य राहिले.
दुपारी निरोप मिळून लासारो आला. कुलूप काढले. झाकण उघडताच टाकीने भस्सकन हवा आत ओढली. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू. त्याने झाकण माझ्या तळहातावर ठेवले. थट्टा केली असती तर बरे झाले असते.

२२ मार्च.
झाकणाला भोक पाडले. साठ किलोमीटर न थांबता. मिर्ता येईल तेव्हा तिला आणायला गाडी तयार आहे.

३० मार्च, रविवार.
मिर्ताचा फोन. गाडी सुधारल्याचे सांगितले. “छान झालं,” म्हणाली. जेवलास का विचारले. मग म्हणाली, कपाटातले माझे कपडे लासारोच्या बायकोला देऊन टाक. इथे थंडी असते, ते काही उपयोगाचे नाहीत.
कारण सयुक्तिक होते. तरी विचारले, परत आल्यावर काय घालशील?
लाइन तुटली असे समजून मी दोनदा ‘हॅलो’ म्हणालो.
लाइन चालू होती.