उजवीकडची शेवटची फरशी

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, तूही तिकडे खुशाल असशील अशी आशा करते. पत्राची सुरुवात अशीच करायची असते ना? बऱ्याच वर्षांनी कागदावर एवढं लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

हे पत्र तुला फरशीच्या दुकानात मिळेल. तिथले काका भले गृहस्थ दिसतात. तुझा नंबर द्यायला त्यांनी साफ नकार दिला, कुणाला द्यायचा नाही असं तू बजावलंयस म्हणे. पण पत्र आलं तर हातात देईन, एवढं कबूल केलं. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना मी कसं गाठलं ते पुढे येईलच.

घरच्या बातम्या. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. तुझ्या खोलीत तिने शिवणाचं मशीन हलवलं होतं, मग स्वतःच ते परत बाहेर आणलं. का म्हणून विचारलं तर माझ्यावरच खेकसली. तात्यांचा घसा जरा बसलाय, बोलणं कमी झालंय. मी नोकरी करते आणि लग्न करत नाही, या दोन्हींबद्दल रोज बोलणी खाते.

नोकरीचं सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. फरशी चिकटवायचं केमिकल बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या जाहिराती मी लिहिते. फोनवर दिसतात त्या, तुम्हा मिस्त्री लोकांसाठी. मी यायच्या आधीच्या जाहिरातीत एक गोरागोमटा हिरो होता. पांढरा शर्ट, खांद्यावर गोणी आणि नखात कणभर सिमेंट नाही. तुम्ही लोक त्याला अंगठ्याने वर ढकलून पुढे जायचात. मी साहेबांना म्हटलं, यांना माल दाखवू नका, गोष्ट सांगा. दुपारी डबा खाऊन भिंतीला टेकल्यावर फोन उघडतात, तेव्हा आपल्यातलंच कुणी बोलताना दिसलं तर थांबतील. साहेब म्हणाले, असा माणूस आणायचा कुठून? माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, माझ्या घरात आहे, माझे वडील.

गोष्ट साधीच लिहिली होती. एक म्हातारा मिस्त्री खूप पूर्वी बसवलेल्या फरशीवर परत येतो, गुडघ्यावर बसतो, थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकून खाली भरीव आहे की पोकळ ते आवाजावरून बघतो आणि आपल्या कामाबद्दल बोलतो. शेवटी आमची गोणी. तात्यांनी माझी वाक्यं वाचली, "असं कोण बोलतं?" म्हणाले आणि कागद बाजूला ठेवून आपल्या मनाने बोलले. बसक्या आवाजात, अगदी हळू. मालकाने काम पास केलं तरी घरी जायच्या आधी एकदा फरशीला विचारून जावं, असं काहीतरी. कॅमेरावाला डोळे पुसत होता. मला तर वाटलं, आता बढती कुठे जात नाही.

घोटाळा असा की ती फरशी त्यांची नव्हती. गोदामात एका ठेकेदाराने घाईघाईत बसवून दिलेली होती. शिवाय साहेबांनी त्यांच्या हातात कंपनीचं नाव छापलेले मोजे चढवले. तात्या ओळीने ठोकत गेले. उजव्या हाताच्या शेवटच्या फरशीवर ठोकलं आणि "भरीव" म्हणून मान हलवली. आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती पोकळ होती. खाली सिमेंटचा माल नीट भरलेलाच नव्हता.

आम्हाला कुणालाच कळलं नाही, पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तुमच्या जातभाईंना बरोबर कळलं. जाहिरात सुटली त्याच दुपारी कमेंटचा पूर आला. आजोबा, उजवीकडची शेवटची पोकळ आहे. आजोबा, झोप लागली का? एवढ्या वयात इतकी कच्ची पारख? एकाने तेवढाच तुकडा कापून, वर हसण्याचा आवाज लावून सगळीकडे फिरवला. लोक थांबत होते, ऐकत होते, दुसऱ्याला पाठवत होते. साहेब खूश. फरशीवाल्यांना थांबवणारी गोष्ट पाहिजे होती ना, म्हणाले, मिळाली.

तात्यांच्या जुन्या जोडीदारांच्या फोनवरही ती पोचली. हल्ली ते चहाच्या टपरीवर जात नाहीत. कारण विचारलं तर चहा बेचव झालाय म्हणतात. माझा बाप, माझीच जाहिरात, आणि मी रोज सकाळी ऑफिसला जाऊन ती किती लोकांनी बघितली ते साहेबांना सांगत होते. दादा, मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेवटी ठरवलं की साहेबांशी भांडायचं आणि ती काढायला लावायची. भांडणाला दारूगोळा हवा म्हणून सगळ्या कमेंट वाचायला बसले.

त्यात तुझी सापडली.

नाव नव्हतं, फोटोच्या जागी लेव्हलपट्टीचं चित्र. "त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. त्या अंगाची फरशी दुसऱ्याने ठोकून बघायची असते. आणि हातमोजे घातल्यावर हातालाही कळत नाही. हसणाऱ्यांनी आधी त्यांच्याएवढं काम करून दाखवावं."

मी ते किती वेळा वाचलं असेल. तात्यांचा उजवा कान गेलाय हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून आपण त्यांच्यावर चिडायचो. आई तर जन्मभर जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसत आली, म्हणजे तिचं अर्धं बोलणं वाऱ्यावरच गेलं म्हणायचं. घरात नाही, दारात नाही, हे जगात कुणाला माहीत असेल तर ज्याने वर्षानुवर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसून काम केलं त्यालाच.

मी साहेबांकडे गेलेच नाही. तुला तिथल्या तिथे निरोप पाठवला आणि तू खातंच बंद केलंस. शहाणा आहेस. पण तुझ्या कमेंटखाली दुकानाच्या काकांनी लिहिलं होतं, "शाब्बास, मिस्त्री, उद्या माल न्यायला आलास की चहा माझ्याकडून." मग मी त्यांना गाठलं.

तुझ्यात आणि तात्यांच्यात काय झालं ते मला तेवढंच माहीत आहे जेवढं सगळ्यांना. तू बसवलेली फरशी त्यांनी चारचौघांत पोकळ म्हटली आणि हातोडा घालून उखडली. तू हत्यारं उचललीस आणि गेलास. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत येईल. मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. एकदा येऊन जा, एवढंच. जमलं तर लवकर. घरी सगळं ठीक आहे, काळजीचं काही नाही, पण लवकर ये.

तुझी,
टिचकी

दि. १९ फेब्रुवारी

दादा,

काकांनी फोनवर सांगितलं की पत्र तुला मिळालं. गोण्यांच्या थप्पीला टेकून उभ्याउभ्या वाचलंस, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलंस, माल घेतलास आणि गेलास. म्हणजे वाचलंयस, तरी आला नाहीस, फोनही केला नाहीस.

चूक माझीच. घरी सगळं ठीक आहे असं लिहिल्यावर कोण धावत येईल? जाहिरातीत पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, हे मी नव्या लोकांना शिकवते, आणि तुला लिहिताना जे पहिल्या ओळीत लिहायचं तेच गिळून बसले. आता लिहिते.

तात्यांच्या घशात गाठ आहे. वाईटातली. येत्या सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे, त्यात आवाजाची पेटी संपूर्ण काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, पुष्कळ वर्षं जगतील. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घेतील, पण पुन्हा आपल्या आवाजात बोलणार नाहीत. आताच चहा गार करून चमच्याने घ्यावा लागतो. पुसटसा आवाज उरलाय, तोही सकाळचा थोडा वेळ.

मी तुझी कमेंट त्यांना वाचून दाखवली. डाव्या बाजूला बसून. आधी हसणाऱ्यांच्या चार वाचल्या, मग तुझी. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. मग खुणेने पुन्हा वाचायला सांगितलं. आणि म्हणाले, "म्हणजे त्याला माहीत होतं?"

मी विचारलं, काय माहीत होतं? कानाचं, म्हणाले, ते त्यांनी कुणाला कळूच दिलं नव्हतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते तुला नवीन नाही. मला आणि आईला होतं. तुझी फरशी उखडली तेव्हा खाली माल काठोकाठ भरलेला होता, बोट शिरायला जागा नव्हती. शेजारच्या खोलीत ग्राइंडर चालू होतं, त्यांच्या कानात आधीपासूनच घणघण असायची, आणि त्यांना भरीव फरशी पोकळ ऐकू आली. मालक, दुसरे मिस्त्री, सगळे बघत उभे होते. मालाची बाजू खाली जाईल असा तात्यांनी तो तुकडा पायाने उलटा केला आणि त्याच्यावर उभे राहिले. तुम्हा दोघांशिवाय कुणी बघितलं नाही.

दादा, तू एका शब्दाने बोलू शकला असतास. यांना ऐकू येत नाही, एवढं म्हटलं असतंस तर तू वाचला असतास. पण मग त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नसतं. तू गप्प बसलास आणि गावभर फसवं काम करणारा ठरलास. इतकी वर्षं मी तुला तापट, हेकट, काय काय म्हणत आले. माझा जीव तुटतो रे.

तात्यांना हे तुला तोंडाने सांगायचंय. मी लिहून देते म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. रेकॉर्ड करून पाठवू का, तर म्हणाले, कॅमेऱ्यासमोर एकदा केलं, हसं झालं. मग माझा हात धरून म्हणाले, "चारचौघांत तोंडाने पोकळ म्हटलं. तोंडानेच भरीव म्हणायला पाहिजे." तेवढं बोलून त्यांना ठसका लागला, आईने मला खोलीतून बाहेर काढलं. यातलं काही तुला लिहायचं नाही असंही बजावलंय त्यांनी. मी कधी कुणाचं ऐकलंय?

जुन्या जोडीदारांना त्यांनी रविवारी घरी बोलावलंय. चहाला, असं सांगून. त्यांच्या देखत सांगायचंय. आईने खुर्च्या मागून आणल्यात. तुझी खुर्ची डाव्या अंगाला ठेवलीय, तीच दोन वेळा पुसून झालीय. मी तिला कसं सांगू की तू पत्र घडी घालून पिशवीत ठेवलंस?

मला माणसांना थांबवता येतं असा माझा लौकिक आहे. अंगठा वर ढकलणाऱ्या हजारो लोकांना मी थांबवलं, आणि स्वतःच्या भावाला कसं थांबवावं ते मला कळत नाही. यात कसलीच कारागिरी नाही बघ. विकायला काही नाही, शेवटी गोणी नाही. मी तुझ्या पाया पडते, ये. त्यांना माफ कर असं म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. फक्त ऐकायला ये. ऐकून परत गेलास तरी चालेल, मी दारात आडवी पडणार नाही.

हे पत्र कुरियरने पाठवतेय, शनिवारपर्यंत दुकानात पोचेल असं म्हणतात. यायला जमणारच नसेल तर रविवारी सकाळी माझ्या नंबरवर फोन कर, पाकिटावर लिहिलाय. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. जिथे काम करत असशील तिथेच बस आणि फरशीवर दोनदा ठोक, म्हणजे तू आहेस एवढं त्यांना कळेल. पुढचं ते बोलतील.

फोन मी त्यांच्या डाव्या कानाला धरीन.

तुझीच,
टिचकी