धीराची बाई

प्रिय ठोंब्या,

फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तू "ताई, धीर धर" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा ईमेल. यात तुला मधे बोलता येणार नाही.

आधी या धीराचंच बघू. लोक धीर धरतात, देतात, सोडतात. कुणाचा खचतो, कुणाला निघत नाही. आपल्या घरात त्याची सोपी वाटणी झालीय: धरायचा मी, द्यायचा तू. तोही लांबून आणि फुकट. मामापासून आत्यापर्यंत सगळे मला कौतुकाने 'धीराची बाई' म्हणतात. त्याचा अर्थ मला आत्ता कळला. धीराची म्हणजे जिला एकटीला सोडलं तरी चालतं.

त्यात माझी नोकरी ही अशी. कानाला हेडफोन लावून दिवसभर अ‍ॅम्ब्युलन्स मागणाऱ्यांना तेच सांगायचं. परवा आई बाथरूममध्ये पडली आणि तिने मला फोन लावला. ती नुसती "अगं" म्हणाली आणि मला कळलं की काहीतरी मोडलंय. आणि मी काय म्हणावं? "आई, धीर धरा. पत्ता सांगा." सख्ख्या आईला! बरं, आई तरी मला झापेल की नाही? तिने मुकाट्याने सांगितला. मजला, दार, वर "लिफ्ट बंद आहे हो." शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फिसकन हसली आणि माझं तोंड पाहून गप्प झाली. मला तेव्हा रडूसुद्धा आलं नाही. संध्याकाळी आईची ओली साडी पिळताना आलं.

खुबा मोडलाय. ऑपरेशन करावं तर हृदय कमजोर, भूल झेपेल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. न करावं तर ती पुन्हा उभी राहणार नाही. तुला विचारलं तर "घाई नको, धीराने घेऊ." अरे, घेऊ म्हणजे कोण कोण? इथे घेणारी मी एकटी. डॉक्टर किती थांबणार? काल मी हो म्हणून टाकलं. सोमवारी सकाळी आहे. काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील, ते मला ठाऊक आहे.

आई घाबरलीय. तोंडाने म्हणणार नाही, पण सारखं पाणी मागते आणि पीत नाही. आज माझा हात धरून म्हणाली, "तो येतोय ना गं?" आमच्या कामात एक लबाडी चालते. गाडी अजून आवारातच उभी असली तरी सांगायचं की निघाली. तेवढ्यावर माणूस तग धरतो. मी आईला म्हटलं, "निघालाय." तेव्हापासून ती दाराकडे तोंड करून पडलीय. मला धीर नको देऊस रे. तिकीट काढ.

तुझीच,
आईशी खोटं बोलून बसलेली ताई