दात दिसायला हवेत

ताई,

फोटोला निघाले. तुझा निळा शर्ट न विचारता घेतलाय, ओरडू नकोस. बाबांना एवढ्यात उठवू नकोस, नाहीतर "थांब, मीही येतो" म्हणत मागे लागतील. मी दातांची डॉक्टर झाले म्हणून त्यांच्या दवाखान्यात स्वतःच्या फोटोशेजारी माझ्या फोटोसाठी खिळा त्यांनी कालच ठोकलाय. झाली माझी जन्माची सोय!

तासभर आरशासमोर हसून जबडा दुखायला लागला. बाबा म्हणतात, दातांच्या डॉक्टरने फोटोत ओठ मिटून हसायचं नसतं, आणि माझे ओठ काही उघडेनात. फोटोग्राफर काल फोनवर म्हणाला होता, "मनाला आवडेल अशी गोष्ट डोळ्यांपुढे आणा." म्हणून मनातल्या मनात दवाखान्याला कायमचं कुलूप लावलं. लगेच अख्खी बत्तिशी दिसली.

फोटो छान आला, तर बाबांना कारण सांगू नकोस.

— छोटी