अन्वरची लेव्हल आणि अब्बांची फळी

रिहे, ता. मुळशी
१४ ऑगस्ट २०२५

विषय: रविवार, दि. ८ जून २०२५ रोजी (बकरी ईदचा दुसरा दिवस) सकाळी ठीक अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या पडवीत घडलेला अन्याय.

चि. अन्वर यास सुलतानाआपाचे अनेक आशीर्वाद आणि दुवा.

इकडे सर्व खुशाल आहे. तुझे दुल्हेभाई आरामखुर्चीत खुशाल आहेत, त्यांचे गुडघे जागच्या जागी आहेत आणि माझं ब्लडप्रेशर तुझा फोन येईपर्यंत ठीक असतं. भुकूमला तुम्ही मजेत असालच. अकराव्या मजल्यापर्यंत चिखल पोचत नाही. नाजनीनने ईदला पाठवलेल्या शीरखुर्म्याचा डबा धुऊन ठेवला आहे. तो परत हवा असेल तर कुणाला तरी इथवर यावं लागेल, डबे व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाहीत.

आता विषयाकडे येते. मी निवृत्त झाल्यावर सुतारकाम शिकले, याचं तू पाहुण्यांत फार कौतुक करतोस. (पाहुणे गेल्यावर तू काय म्हणतोस तेही मला कळतं, नाजनीन माझ्या बाजूची आहे.) त्याच कौतुकापोटी तू ते मशीन आणलंस. खडबडीत फळी एका बाजूने आत सारायची, आतले रोलर तिला ओढून घेतात, पाती तिला तासतात आणि पलीकडून ती सारख्या जाडीची, गुळगुळीत बाहेर येते, असं तू समजावलंस. मी ऐकून घेतलं, कारण भेट देणाऱ्याचं ऐकून घ्यावं हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. मग तू पडवीत ते मांडलंस, फळी टेकायला दोन्ही बाजूंना असलेले पत्र्याचे पाट उघडलेस, त्यांवर आळीपाळीने मोबाइल ठेवलास, त्यात एक हिरवा बुडबुडा मध्यावर आला आणि तू म्हणालास, “आपा, लेव्हल परफेक्ट. आता याला हात लावायचा नाही.” तेव्हा अकरा वीस झाले होते. मी घड्याळ पाहिलं, कारण बिर्याणीला दम लावायचा होता.

मी हात लावला नाही. छत्तीस वर्षं सरकारी लेखाविभागात काढल्यावर माणूस वरिष्ठांच्या शेऱ्याला हात लावत नाही.

मशीन कशासाठी हवं होतं ते तुला आठवत असेलच, तरीही लिहिते, कारण तुझ्या आठवणीवर माझा तुझ्या लेव्हलइतकाच विश्वास आहे. माझ्या नातीची, अफिफाची, बिस्मिल्लाह रविवारी ३१ ऑगस्टला आहे. त्या दिवशी तिला चार वर्षं, चार महिने, चार दिवस पूर्ण होतात आणि ती कुरआनचा पहिला धडा घेते. ही तारीख ती जन्मली तेव्हाच ठरली. ती तुझ्या ऑफिसातल्या मीटिंगसारखी पुढे ढकलता येत नाही. कुरआन ठेवायला तिची रेहल मी स्वतः करणार, आणि ती पौडच्या कापडाच्या दुकानातल्या अब्बांच्या काउंटरच्या लाकडातून करणार, हे मी सगळ्या खानदानाला सांगून बसले आहे. रेहल एकाच फळीतून निघते. जोड नाही, खिळा नाही, बिजागरी नाही. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरत आणायची, मध्ये दाते कोरायचे, की ती कात्रीसारखी उघडते. म्हणजे फळीच्या दोन्ही टोकांना किंमत आहे. आणि काउंटरच्या वाटणीत मला अर्धीच फळी आली होती, तीही चाळीस वर्षं कापड घासून मध्ये खोलगट झालेली. ती सपाट करण्यासाठी हे मशीन.

पहिल्या फेरीला फळी बाहेर आली. मधला भाग असा, की गाल घासून पाहावा. पण एका टोकाशी, कडेच्या चार बोटांत, पात्याने जास्तच खाल्लेलं. बोट फिरवलं की पायरी उतरल्यासारखं लागत होतं. तुला फोन केला. तू म्हणालास, याला स्नाइप म्हणतात, सगळ्यांनाच येतो. (आमच्या सिस्टर बेनेडिक्टांच्या पुस्तकात स्नाइप हा दलदलीत राहणारा पक्षी होता. तो माझ्या सागवानात राहायला आला हे मला नवीन होतं.) उपाय विचारला तर म्हणालास, टोकं कापून टाक, त्यासाठी लांबी जास्तच धरायची असते.

मी कापली. जाडी अजून उतरायची होती म्हणून दुसरी फेरी केली. नव्या टोकाला नवी पायरी. फोन केला. तू म्हणालास, पाती बोथट झाली असतील. पाती बदलली. पायरी तशीच, आता फक्त जास्त धारदार. तू म्हणालास, रोलर पुसून काढ. रोलर असे पुसले की तुझे दुल्हेभाई म्हणाले, “इतकी सेवा माझी कधी झाली नाही.” मग तू एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाठवलास. तो पहिली दहा मिनिटं स्वतःच्या कुत्र्याची ओळख करून देतो आणि नंतर टोकं कापायला सांगतो. मी पुन्हा कापली.

गोजराबाई झाडायला येतात, त्या रोज हे पाहत होत्या. एके दिवशी झाडू टेकवून म्हणाल्या, “बाई, परवा ही फळी दारायेवढी हुती. आता पोळपाटायेवढी ऱ्हायली. मिशीन लाकूड खातंय का तुमी?”

“मशीन खातं, गोजराबाई. भावाने दिलंय.”

“मंग खाऊं द्या की. भावाचं हाय म्हनल्यावर काय बोलायचं?”

तुझे दुल्हेभाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “अन्वरला विचार.” गेले दोन महिने या घरात प्रत्येक संकटावर हेच औषध आहे. पंप बिघडला, अन्वरला विचार. दुधात पाणी, अन्वरला विचार. मी त्यांना म्हटलं, अन्वरला विचारलं नसतं तर ही फळी आज सरळ उभी असती.

आता खरं कारण. मागच्या गुरुवारी असा पाऊस आला की वाऱ्याने पडवीत पाणी शिरलं, आणि ते नेहमीप्रमाणे मशीनखालून वाहत अंगणात गेलं. मी मशीनवर प्लॅस्टिक धरून उभी होते आणि पाण्याकडे पाहत होते. पाणी अंगणात का जातं? कारण पडवीला उतार आहे. मुळशीत पडवीला उतार देत नाही तो गवंडी दुसऱ्या वर्षी तोंड दाखवत नाही. म्हणजे मशीन उतारावर उभं आहे, त्याच्या पोटातली, पात्यांखाली फळी जिच्यावरून सरकते ती बैठक अंगणाकडे कललेली आहे, आणि तुझे दोन्ही पाट मात्र मोबाइलच्या बुडबुड्याने आभाळाशी समांतर. पाट एकमेकांना सलाम करतात, मशीनला कोणी विचारत नाही. बैठकीवर मोबाइल ठेवायचं तुला सुचलं नाही. बहुधा तिथे रेंज नव्हती.

पडद्याची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी काढली, मशीन बंद करून, पिन काढून, ती बैठकीवरून भिंतीकडच्या पाटावर आडवी धरली. पाटाच्या बाहेरच्या टोकाशी, पट्टीखालून तुझ्या लग्नाची पत्रिका पाकिटासकट आत गेली. तेवढा पाट खाली. फळी त्या पाटावरून आत शिरताना तिची शेपूट खाली लोंबणार, तोंड वर उचललं जाणार, आणि वर पाती वाटच पाहत आहेत. पाटाखालचे बोल्ट फिरवून बाहेरची कड बैठकीहून केसभर वर घेतली. आंब्याच्या खोक्याचा तुकडा घातला. बाहेर आला तो सिस्टर बेनेडिक्टांच्या इस्त्रीच्या कॉलरसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोजराबाईंनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “आता फळी कुटंय?”

हा प्रश्न मी तुझ्याकडे वर्ग करत आहे.

फळीचं जे उरलं त्याची मी रेहल केली. सुंदर झाली आहे. दाते एकमेकांत बसतात, उघडते, मिटते. तिच्यावर कुरआन मावत नाही, पाच सूरांचा पंजसुरा ठेवता येतो, तोही खिशातला. अफिफाने ती पाहिली आणि आपल्या बाहुलीला दिली. बाहुलीची बिस्मिल्लाह नीट पार पडली. आता मुलीची राहिली आहे.

तेव्हा तुझ्या त्या सकाळच्या “परफेक्ट”बद्दल तुझा लेखी खुलासा मागवण्यात येत आहे. नाजनीनला आशीर्वाद, अरहानला पापा. (बारावीला असला तरी.)

तुझी,
सुलतानाआपा

ता. क. १: काउंटरची दुसरी अर्धी फळी तुझ्या हॉलमध्ये टीव्हीखाली लटकते आहे, हे या पत्राशी संबंधित आहे. टीव्ही जमिनीवर ठेवूनही दिसतो. फळी माझ्याकडे आली तर रेहल होऊन उरलेल्या तुकड्याची तुला चमच्यांसाठी काहीतरी करून देईन.

ता. क. २: अरहानला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “फुप्पी, खड्डा तर फक्त पुढच्या टोकाला पडत असणार. मग तुम्ही दोन्ही टोकं का कापलीत?” मधली रेष मी आधी आखली होती आणि दोन्ही बाजू सारख्या राहायला हव्यात, म्हणून कापली. (ती रेष पहिल्याच फेरीत मशीनने पुसली होती हे खरं आहे, पण मुद्दा शिस्तीचा आहे.) एकच टोक कापलं असतं तर मोठी रेहल झाली असती, असं त्याचं गणित येतं. त्याने तुझ्या अपराधाला बाधा येत नाही. मुलाला गणित चांगलं येतं, हे मात्र तुझ्याकडून आलेलं नाही.

ता. क. ३: फळी पोर्टरबरोबर पाठवू नकोस. ही लांब फळी आहे, मशीनच्या पलीकडे उभं राहून बाहेर येणारं टोक जरा वर उचलून धरायला माणूस लागतो, आणि तुझे दुल्हेभाई खुर्चीत आहेत. दुकानात कापडाचं थान उलगडताना दुसरं टोक तू धरायचास आणि दर वेळी जमिनीला टेकवायचास, अब्बा त्याच काउंटरमागून ओरडायचे, “अन्वर, टोक वर धर.” या वेळी मी ओरडेन. डबाही घेऊन जा. येतोस की नाही, त्याचं लेखी उत्तर बुधवार, दि. २० ऑगस्ट, संध्याकाळी सहाच्या आत मिळावं. अंगठ्याचं चित्र उत्तर म्हणून ग्राह्य धरलं जाणार नाही.